वडनेरचा परदेशी

कुठल्याही गादीवर बसण्याआधी चाचा तिच्या उसवलेल्या कोपऱ्यातून चिमूटभर कापूस ओढत, बोटांत चोळत आणि सांगत, "हा समुद्रपूरकडला. पिंजणाऱ्यानं घाई केली." माझ्या गादीचीही त्यांनी अशीच लाज काढली होती. मी अर्जनवीस, तालुक्याच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली लोकांचे अर्ज लिहीत बसे. चाचा वडनेरचे पिंजारी. तुमच्याही लहानपणी दिवाळीआधी खांद्यावर पिंजण घेतलेला असा माणूस आला असेल, अंगण पांढरं करून गेला असेल.

फाळणीनंतरच्या हिवाळ्यात ते विधवा बहिणीला तिच्या मुलाकडे कराचीला पोचवायला गेले. तेव्हा मुंबईहून बोटीचं तिकीट काढलं की जाता येई. "महिन्याभरात येतो," असं म्हाताऱ्या आईला आणि बायकोला सांगून गेले. बहिणीच्या दुखण्यात मुक्काम लांबला आणि तेवढ्यात परतायला परवाना लागू लागला. तो काही मिळेना. चार वर्षांनी परवाने गेले, पासपोर्ट आले. तिथल्या कुणीतरी सांगितलं, पाकिस्तानचाच पासपोर्ट घे, म्हणजे घरी जाता येईल. चाचांनी घेतला आणि आले. तीन महिन्यांच्या व्हिसावर, स्वतःच्या घरी.

मुदत वाढवण्याचे अर्ज मी लिहू लागलो. पहिल्याच अर्जात राष्ट्रीयत्वाचा रकाना आला.

"वडनेर लिवा," चाचा म्हणाले.

"चाचा, गाव नाही, देश."

"मंग हाच. माही माय इथं, घर इथं. मी काई तिकडचा होय काय, बाबूजी?"

मी हसलो. पासपोर्ट पाकिस्तानचा आणि अर्जात 'भारतीय' लिहिलं तर कागद परत येणार, हे मला ठाऊक होतं. अर्ज अडू नये असं लिहायचं, हीच आमची विद्या. मी 'पाकिस्तानी' लिहिलं. चाचांना वाचता येत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. त्यांनी अंगठा दिला. दर तीन महिन्यांनी हेच चाले.

त्याच दिवसांत बाजारातल्या एका सिंधी कापडदुकानदाराचा नागरिकत्वाचा अर्जही मीच लिहिला. ते जन्मानं कराचीचे. एका अर्जात भारतीय झाले, आणि व्हायलाच हवं होतं. घरदार गमावून आले होते बिचारे. चाचा दिसले की ते आपल्या गल्लीची खबर विचारत. "पाह्यली मी तुमची गल्ली, शेटजी," चाचा सांगत, "पण मले तिथं करमे नाई."

मग आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. कुणाला जागचं हलावं लागलं नाही, कुणी अंगठा मागितला नाही. पण त्याच सुमारास नागरिकत्वाचा नवा कायदा आणि त्याचे नियम लागू झाले. ज्यानं आपखुशीनं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला, तो इथला नाही. चाचांना नोटीस आली. सुनावणीला मीही गेलो.

"गावाले येवाले तेवढं एकच पुस्तक भेटत होतं, साहेब," चाचा म्हणाले.

साहेबांनी अर्जांची चळत पुढे सरकवली. प्रत्येकावर माझं वळणदार अक्षर, खाली त्यांचा अंगठा. "पाकिस्तानी म्हणून तुम्हीच लिहून दिलंय. जबरदस्ती कुणी केली?"

चाचांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "बाबूजीनं लिवलं हाये. मंग बरोबरच असन."

तेव्हा मी उठून सांगायला हवं होतं, की तो शब्द माझा, त्यांना विचारलाच नव्हता. पण माझं लायसन्स कचेरीच्या हातात होतं आणि घरी सहा तोंडं खाणारी. मी खाली पाहिलं. अशा वेळी खाली पाहणाऱ्यांची आपल्याकडे कधी वाण पडली नाही. कायद्याला शिव्या देताना मला आजही स्वतःची शरम वाटते.

चाचांना जावं लागलं. गाडीत बसेपर्यंत हवालदार सोबत होता. त्यांची आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात चाची कचेरीबाहेर आली. नवऱ्याला परत आणण्याचा अर्ज तिला लिहून हवा होता. मी दौत पुढे ओढली. माझ्या शेजारी आणखी एक अर्जनवीस बसे; अक्षर किरटं, निम्मे अर्ज चुकलेले. चाचीनं माझ्याकडे पाहिलं, चांगलं ओळखून पाहिलं, आणि त्याच्यासमोर जाऊन बसली.

"लिव भाऊ," ती त्याला म्हणाली, "अन् अंगठा घ्याच्या आंधी मले सारं वाचून दाखवजो."