सर तीन

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारी, जळगावला पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी माझ्या नावाचं एक आंतरदेशीय पत्र आलं. वडिलांनी ते फोडून वाचलं. पुढचे पाच आठवडे मला पुण्याला परत जाता आलं नाही.

पुण्यात मी पीएच.डी. करत होते, आठ दिवसांच्या सुट्टीवर आले होते. पत्र प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचं होतं. "सर तीन थंड खोलीत आहेत. तुझ्याशिवाय कोणाला दाद देत नाहीत. सर चार सोबत असले की बरे राहतात. लवकर ये, सर फार दिवस टिकणार नाहीत."

सर हे प्रथिनाचं नाव. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशी दोन प्रकारच्या असतात, साधारण नर-मादीसारख्या. प्रत्येक पेशीजवळ दोन्ही प्रकारांची जनुकं असतात, पण त्यांच्या जादा प्रती दोन बंद जागी गप्प ठेवलेल्या असतात. ज्या प्रथिनांमुळे त्या गप्प राहतात, त्यांच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की 'सर' होतं. क्रमांक एक ते चार. सर तीनचा आकार कसा आहे, हे आमच्या माहितीत तोवर कोणी पाहिलं नव्हतं. पाहायचा तर प्रथिनाचे स्फटिक लागतात. शुद्ध प्रथिनाचा थेंब काचेला उलटा टांगायचा, खाली मिठाचं द्रावण ठेवायचं, कडा ग्रीसने बंद करायच्या आणि थंड खोलीत न हलवता ठेवायचं. सुट्टीआधी माझ्या एका थेंबात स्फटिकांच्या बारीक सुया दिसल्या होत्या. क्ष-किरणांच्या यंत्रावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाळी मिळाली होती.

नाव सर, म्हणून प्रयोगशाळेत आम्ही त्याला आदरार्थी बहुवचन लावायचो. सर विरघळले. सर तळाशी बसले. खरोखर सर म्हणावं असं तिथे कोणी नव्हतं. मार्गदर्शक मॅडम होत्या.

धुळ्याहून वडिलांच्या थोरल्या भावाला, नानांना, बोलावण्यात आलं.

"हाऊ सर कोन शे?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"माणूस नाही, नाना. प्रथिन आहे. यीस्टमधलं."

"आनि हाऊ चार?"

"तेही प्रथिन."

"म्हंजे तीन बी, चार बी, बठ्ठा सर खमीरमा शेतस," नाना वडिलांकडे वळून म्हणाले. "पोरगी हुशार शे तुनी."

मी प्रयोगांची वही आणून दाखवली. वडिलांनी पानं उलटली. प्रत्येक पानावर सर होते. वही आणि माझी प्रमाणपत्रं लोखंडी कपाटात गेली. किल्ली वडिलांच्या बंडीच्या खिशात राहिली.

पुण्याला कळवण्यात आलं की मुलीची प्रकृती बरी नाही. मॅडमनी वडिलांना इंग्रजीत उत्तर पाठवलं. ते वाचून अर्थ सांगायला मलाच बसवलं. पत्राची सुरुवात 'डिअर सर' अशी होती.

"हाऊ पाचवा का?" नानांनी विचारलं.

आई हसली, मग उठून आत गेली. पुढे लिहिलं होतं की यंत्रावरची पाळी पुढे ढकलता येणार नाही.

पोस्टाची पेटी आमच्या खिडकीतून दिसायची. पत्र टाकायला मी जायचं नाही, असं ठरलं होतं. त्यामुळे मैत्रिणीला घरी काय झालं ते कळलं नाही. मे अखेरीला शिरपूरचं एक स्थळ मला पाहून गेलं. मुलाच्या आईने मला विचारलं, काय शिकतेस. उत्तर वडिलांनी दिलं.

"शिकून झालं तिचं."

यंत्रावरच्या पाळीला आठवडा उरला असताना मैत्रिणीचं कार्ड आलं. उघडं कार्ड, सगळ्यांनी वाचलं. "थंड खोली दोन दिवस बंद पडली होती. काल सर तीन गेले. काही करता आलं नाही."

वडिलांनी कार्ड दोनदा वाचलं. मग त्यांनी कपाट उघडलं आणि वही माझ्यासमोर ठेवली.

"शेवटी शिकवणारा माणूस," ते म्हणाले. "भेटून ये त्यांच्या घरच्यांना. आता हरकत नाही."

कोणी माणूस गेलेला नाही, असं मी पुन्हा सांगितलं.

"बरं," ते म्हणाले.

नाना सोबत आले. त्यांनी धुवट पांढरा सदरा घातला होता. प्रयोगशाळेच्या दारात त्यांनी चपला काढल्या, मॅडमना हात जोडले आणि खाली पाहत उभे राहिले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. 

मैत्रिणीने थेंबांची तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. माझ्या थेंबात पांढरट साका होता. सुया नव्हत्या. नानांनाही पाहायचं होतं. ते वाकले, एक डोळा मिटून त्यांनी पाहिलं.

"आठे थेंबमा ते काहीच नही," ते म्हणाले.

वडिलांनी परतीची दोन तिकिटं आधीच काढून दिली होती. बस दुसऱ्या दिवशी सकाळची होती. दोन्ही तिकिटं वापरली गेली.