बोटीतून बँकॉक

स्टॅनमोरला आमच्या शेजारी राहणारे काका फार हळू बोलतात, आणि प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसतात. बँकॉकहून आल्यावर त्यांनी नवा डिजिटल कॅमेरा टीव्हीला जोडून आम्हाला फोटो दाखवले. सगळे नदीतल्या बोटीतून काढलेले.

"देवळं आतून नाही पाहिलीत?" मी विचारलं.

"नदीवरून छान दिसतात," असं म्हणून त्यांनी पुढचा फोटो लावला.

स्वयंपाकघरात चहा गाळताना काकू मला म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी माझा पाय मुरगळला. चालता येईना. यांनी तर लायब्ररीतून त्या देवळांवरची पुस्तकं आणून सहा महिने वाचली होती. मी म्हटलं, अहो, तुम्ही एकटे जाऊन या. तर म्हणाले, एकट्याने काय बघायचं? बोटीत तुला बसता येईल, चल."