कुमुदताईंचं दुसरं बोलावणं

डॉ. कुमुदताई चौधरी यांची आणि माझी ओळख झाली ती एका गार झालेल्या पंगतीमुळे. ताई जळगावच्या कॉलेजात शिकवतात. बोदवडजवळच्या आमच्या गावात, त्यांच्या सासरी, त्यांनी घर बांधलं आणि वास्तुशांतीची पत्रिका स्वतः घरोघर दिली. आमच्याकडे पत्रिका म्हणजे नुसतं कळवणं. पंगतीच्या दिवशी कोणीतरी पुन्हा दारात येऊन "चला वो, जेवाले चला" म्हणतो, तेव्हा बाई पदर सावरून उठते. ताई शहरात वाढलेल्या, त्यांना हे कोण सांगणार? सगळी गल्ली नवी लुगडी नेसून उंबऱ्यावर बसून राहिली आणि तिकडे वरण-बट्टी निवत राहिली.

ऊन उतरल्यावर ताई माझ्या ओट्यावर आल्या. चेहरा रडवेला.

"अक्का, माझं काही चुकलं का? कोणीच आलं नाही."

"दुसरं बोलावणं कुठी आलं वो? भुकेनं जीव चालला, पन उठू कशी?"

ताई इतक्या हसल्या की मला वाटलं, बाईंना ऊन लागलं. "अक्का, मी वर्गात वर्षानुवर्षं हेच शिकवते, आणि माझ्याच घरी विसरले!" मग त्या स्वतः दारोदार बोलावत फिरल्या. दिवेलागणीला आम्ही जेवलो. वांग्याची भाजी खारट होती. हे ताईंच्या साठीच्या गौरवग्रंथात नको, असं माझी नात म्हणते. मला अक्षर येत नाही, मी बोलते आणि ती लिहिते. लिही म्हटलं.

ताई काय शिकवतात, ते मला पुढे माझ्याच हातांमुळे कळलं. पुरणाचे मांडे करावेत तर मी, असं गावात म्हणत. मांडा हातांवर फिरवत, झुलवत पातळ करायचा आणि अलगद खापरावर सोडायचा. पण सकाळी बोटं सुजू लागली, मूठ मिटेना. घरी कोणाच्या लक्षात आलं नाही. मी चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरते, हे ताईंनी पाहिलं आणि मला जळगावला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. शरीराची राखण करणारी फौज माझ्याच सांध्यांवर उठली होती. ज्या बाईचे हात म्हणजेच ती बाई, तिची बोटं वाकडी झाली तर उरतं काय?

त्या दिवशी ताई मला त्यांच्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. खोलीत अंधार होता. दुर्बिणीला डोळा लावला आणि मी कुठल्या कुठे गेले. हिरव्या उजेडाचे गोळे काळोखात तरंगत होते. केळीच्या बागेत पहाटे धुकं उतरतं, तसं सगळं मऊ होतं. दोन गोळे एकमेकांना टेकून होते, पुष्कळ वेळ, जणू कानात काही सांगत होते. कोणालाच घाई नव्हती. आपल्या आत असं एक गाव तरंगत असतं, आणि आपण वर बसून मिरच्या निवडत असतो!

ताई हळू आवाजात सांगत होत्या. हे गोळे म्हणजे पेशी, आणि प्रत्येक पेशीच्या अंगावर बारीक बारीक रेणू असतात. एक रेणू परक्याला ओळखतो, पण तेवढ्यानं लढणारी पेशी उठत नाही. दुसऱ्या रेणूचं बोलावणं यावं लागतं. आणखी काही रेणू 'आता पुरे' म्हणतात. कोण किती जोरानं बोलतो, त्यावर लढाई केवढी ते ठरतं.

"म्हणजे माझ्या घरी बोलावणं थांबतच नाही?"

"तसंच समजा, अक्का. डॉक्टरांनी दिलेलं हे औषध हाक मारणाऱ्याच्या तोंडावर हलकेच हात ठेवतं."

"अन् खरा चोर आला तं?"

"म्हणून ताप आला की लगेच मला सांगायचं. लपवायचं नाही."

पुढे मी एकदा खोकला लपवला. ताईंनी तो फोनवर ओळखला आणि वर्ग सुटताच गावी येऊन अशा रागावल्या, की माझी सासूसुद्धा कधी तशी रागावली नव्हती. औषध टोचून घ्यायच्या दिवशी त्या शेजारी बसत, स्वतः केलेला डबा उघडत. औषध मला सोसलं, डबा सोसवत नसे.

माझी सूज उतरली. दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच, पण मी मांडे करते. लहान होतात.

माझी धाकटी जाऊ सिंधू हिलाही हेच दुखणं. डॉक्टरांनी तेच औषध दिलं, पण तिला गुण आला नाही. तिनं ताईंना तोंडावर विचारलं, "अक्काले लागू पडलं, मले काबरं नाही?" मोठ्या माणसांना अशा वेळी काहीतरी अवघड बोलून निसटता येतं. ताई जमिनीवर तिच्याजवळ बसल्या, तिचे हात मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "मला अजून कळलेलं नाही, सिंधूताई. शोधते आहे." तेव्हापासून आम्हा दोघींचं रक्त त्या प्रयोगशाळेत नेतात, आणि सिंधूच्या पेशींच्या अंगावर वेगळं काय आहे ते पाहत बसतात.

ताईंना साठ वर्षं झाली, त्या कॉलेज सोडणार, असं ऐकते. ताई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थ आहे, लपवत नाही. वेळेवर जेवा, डबा दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, गुडघे जपा. रोज सकाळी सिंधू पडवीत बसून बोटं मिटून बघते. ती मूठ मिटेपर्यंत तुम्हाला म्हातारं व्हायची परवानगी नाही.