चकलीचा मधला वेढा

बेस्ट या डच गावातल्या आमच्या भाड्याच्या घरात मी चकल्या तळत होते. टीव्हीवर बातमी लागली: पूर्वेकडच्या त्या बलाढ्य सत्तेचं सैन्य आणखी एका देशात घुसलं. भाजणीच्या वासात मला याच देशातल्या फोरबर्ग गावातली आमची पहिली दिवाळी आठवली.

तेव्हा वरच्या मजल्यावर एक म्हातारे पुढारी राहायचे. याच सत्तेविरुद्ध स्वतःच्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढले, म्हणून हद्दपार झालेले. मी फराळाचं ताट नेलं. चकली हातात धरून ते नुसते बघत राहिले, म्हणून मी म्हटलं, "बाहेरच्या टोकापासून खातात, अंकल."

त्यांनी नेमका मधला तुकडा मोडून तोंडात टाकला. "साम्राज्य असं खातं. हा माझा देश. मग लगतचा वेढा, मग त्यापुढचा. इथे मी सांगत फिरतो, कुणी ऐकत नाही."

"इथवर थोडेच येणार आहेत?" मी म्हणाले. "खा, मऊ पडतील."

ते हसले नाहीत.

आज टीव्हीसमोर नवरा तेच म्हणाला, "इथवर थोडेच येणार आहेत?" पुढच्या आठवड्यात हे घर विकत घेण्याच्या सह्या आहेत. सही करावी की नाही, कळेना. झाऱ्यावरच्या चकलीत आमचा वेढा कितवा, तेच मी शोधत राहिले.