सहा कोरडे वाफे

माझ्या वडिलांनी मला फसवलं, आणि तेही दर आठवड्याला सही करून. हे वाक्य मी घरात कधी उच्चारलेलं नाही. बाहेर एकदोघींपुढे उच्चारलं, तर त्या लगेच म्हणाल्या, अगं, बाप आहे तो. बाप आहे म्हणूनच तर म्हणते. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

खालापूरच्या बाहेर, रस्त्याच्या वरच्या अंगाला आमची दीड एकर वरकस जमीन आहे. तिथे भात होत नाही. पावसाळ्यात कमरेएवढं गवत उभं राहतं आणि दिवाळीनंतर वाळून पिवळं पडतं. एक्स्प्रेसवेचा आवाज दिवसभर येत असतो, आम्हाला तो ऐकूही येत नाही. पीएचडीचा विषय मी याच माळावर घेतला. गवताळ जमिनीतल्या जीवाणूंना महिनोन्‌महिने पाणी मिळालं नाही आणि मग एकदम मिळालं, तर ते काय करतात, हा माझा प्रश्न. आई म्हणाली, "येवढं शिकून मातीच उकरायची व्हती, तर आमी काय वाईट उकरत व्हतो गं?"

प्रयोग साधा होता. बारा वाफे, प्रत्येक चादरीएवढा. सहा वाफ्यांना डिसेंबरपासून मेपर्यंत दर सोमवारी प्रत्येकी एक झारी पाणी. उरलेल्या सहांना थेंबही नाही. अवकाळी पाऊस आला तरी त्यांना लागू नये म्हणून वर प्लास्टिकचं बुटकं छप्पर. मेच्या मध्यावर बाराही वाफ्यांना सारखंच पाणी द्यायचं, आणि मातीत ठोकलेल्या पाइपच्या कड्यावर झाकण बसवून यंत्राने मोजायचं, की आतले जीव किती कार्बन डायऑक्साइड सोडतात. मी त्याला मातीचा श्वास म्हणायची. माझ्या मार्गदर्शक मॅडमना असली भाषा अजिबात खपायची नाही.

पहिल्या वर्षी सगळं मी स्वतः केलं. मेमध्ये कोरड्या वाफ्यांवर पाणी ओतलं आणि तासाभरात आकडा असा उसळला की मी ओरडलेच. बाबा यंत्रावर छत्री धरून बसले होते. त्यांनी विचारलं, "म्हंजे जित्ते व्हते? येवढे म्हयने पान्याबिगर?"

मला शिकवायचा उत्साह फार. मी सांगितलं, की कोरड पडली की हे जीवाणू अंग चोरून बसतात, तग धरायला पोटात थोडं काही साठवून ठेवतात. पाणी आलं की ती साठवण भसकन बाहेर टाकतात, आणि सगळे एकदम जेवायला बसतात.

"आनि ज्ये टिकत नाय त्ये?"

"ते मरतात, बाबा. उरलेले त्यांच्यावरही जेवतात. या आकड्यात तेही आलं."

बाबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. त्यांना समजलं नसावं असं मला वाटलं. माझं शिक्षण आणि माझी अक्कल, दुसरं काय.

दुसऱ्या वर्षी मला कर्जतच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर नोकरी लागली. सोमवारचं पाणी कोण घालणार? वार बदलता येईल हे तेव्हा सुचलंच नाही. बाबा निवृत्त होऊन घरीच होते. तीस वर्षं त्यांनी मोहोपाड्याला रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून काढली होती. दर तासाला मीटर बघायचा, आकडा लिहायचा, सही करायची. एकदा सोबतच्या माणसाने चार तासांचे आकडे बसल्या जागी भरून टाकले, तर बाबांनी त्याच्याशी वर्षभर अबोला धरला होता. "मीटर दावील त्येच लिवायचं," हे मी घरात इतक्यांदा ऐकलंय की बाराखडी त्यानंतर शिकले असेन. असा माणूस मला फुकटात मिळत होता. मी वही आखून दिली. तारीख, ओले वाफे, कोरडे वाफे, सही. बाबांनी वहीला कव्हर घातलं.

दर रविवारी मी वही बघायची. ओले, एक झारी. कोरडे, पाणी नाही. खाली बाबांची पूर्ण नावाची सुबक सही.

मेमध्ये आकडा उसळलाच नाही. कोरडे वाफे ओल्यांच्याच चालीने जरासे वर गेले आणि बसले. मी घाबरले. मोजणीआधी घेतलेली माती भट्टीत वाळवून पुन्हा वजन केलं, तर ती मुळात व्यवस्थित कोरडी होती. यंत्र दुरुस्तीला पाठवलं, तर ते धडधाकट परत आलं. मॅडम बराच वेळ आलेख बघत बसल्या आणि म्हणाल्या, "हे वाळलेले दिसतात, पण तहानलेले वाटत नाहीत. उन्हाळाभर अधूनमधून ओलं होऊन वाळलेल्या मातीची ही चाल आहे. तिथे पाणी कोण घालतं?"

"माझे वडील," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणावरही शंका घ्या, मॅडम. त्यांच्यावर नको."

इतक्या तोऱ्यात म्हटलं की त्यांनी विषय सोडला. गवताकडून काही कळायला मार्ग नव्हता. आमच्याकडचं गवत पावसाळा संपला की मुळासकट मरतं, उन्हाळ्यात पाणी घालून ते उठत नाही. मग मी एक सिद्धान्त रचला. एका वर्षात या मातीतले जीव बदलले, कोरड सोसायला शिकले. एका परिषदेत तो मांडला. टाळ्या पडल्या, दोघांनी माझा नंबर घेतला. त्या टाळ्यांची आजही लाज वाटते.

घरी आल्यावर जेवताना मी बाबांना सांगितलं, "तुमच्या वाफ्यांनी नवंच काहीतरी दाखवलंय. सगळ्यांना फार आवडलं."

त्यांचा घास हातात थांबला. "असं व्हय?" म्हणाले, आणि आईकडे भाजी मागितली.

माझा खरा राग त्या भाजीवर आहे. त्या वेळी ते बोलू शकले असते.

मॅडमनी अट घातली, की आणखी एक उन्हाळा हेच पुन्हा दिसलं तरच प्रबंधात घ्यायचं. तिसऱ्या वर्षी धुळवडीची सुट्टी नेमकी सोमवारी आली. बाबा सकाळीच माळावर गेले होते. त्यांच्यासाठी थर्मासमध्ये चहा घेऊन मी मागोमाग गेले. मनात होतं, की त्यांचा एक फोटो काढावा, वही लिहिताना, आणि मॅडमना दाखवावा.

बाबा प्लास्टिकच्या छपराखाली गुडघ्यांवर वाकले होते. झारी बाजूला ठेवून, ओंजळीने, हळूहळू पाणी सोडत होते. मागचे चार कोरडे वाफे भिजून काळे पडले होते.

"बाबा, हे काय?"

ते दचकले नाहीत. आधी ओंजळ रिकामी केली, मग कंबर धरून उठले. "बगितलंस तर."

"कधीपासून?"

"गेल्या सालापासनं. दर सोमवारी, साऱ्यांत मिळून दोन झाऱ्या. तुज्या वल्यांचं कमी नाय केलं."

"आणि वहीत?"

"वहीत तुला पायजे त्ये लिवलं."

मी काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही. तीन वर्षं, नोकरी, परिषद, मॅडमपुढे दाखवलेला तोरा, सगळं एका दमात बाहेर पडलं असणार. ते ऐकून घेत उभे होते. मग म्हणाले, "माजी आय हिरीवर कळशी घिऊन हुबी ऱ्हायची. आमाला हिरीला हात लावायचा नाय. वरनं कोनी वतलं तर पानी, नायतर नाय. बाकीच्या बाया भरभरून जायच्या. मी तिच्या पदराला धरून बगत ऱ्हायचो. तू म्हनलीस, या सहांना दे, त्या सहांना नको दिऊ. पयल्या सोमवारी केलं गं मी तसं. दुसऱ्या सोमवारी नाय जमलं."

"अहो, ती माती आहे!"

"म्हाईत हाय मला. त्यात जित्ते हायत आनि पान्याबिगर मरत्यात, ह्ये तूच सांगितलंस."

माझ्या अडतीस वर्षांत ही विहीर त्यांनी मला कधी सांगितली नव्हती. आजीचा फोटो भिंतीवर आहे, विहार सुरू झाला तेव्हाच्या गोष्टी आहेत, पण ही कळशी नाही. आणि सांगितली ती कधी, तर मी भांडायला उभी राहिले तेव्हा. आता त्या कळशीपुढे माझा प्रबंध घेऊन मी काय भांडणार? त्यांनी माझं काम बुडवलं ते बुडवलंच, वर माझ्या रागाचीही सोय ठेवली नाही.

पण राग होता. आजही आहे. दुसऱ्या सोमवारी घरी येऊन एवढंच सांगायचं होतं, की मला हे जमत नाही, दुसरा माणूस बघ. मी बघितला असता. त्याऐवजी त्यांनी झारी उचलली, पाणी घातलं, हात पुसले आणि 'कोरडे, पाणी नाही' असं लिहून त्याखाली सही केली. उरलेला उन्हाळाभर. मग पुढच्या उन्हाळ्यात परत. तेही त्याच हाताने, ज्याने कारखान्यात एक आकडा कधी इकडचा तिकडे केला नव्हता. कारखान्याला खरं मिळालं आणि मुलीला खोटं, हे मला गिळता येत नाही.

मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "सह्या खोट्या हायत. पानी खरं हाय."

त्या वाक्यावर मी थर्मास तिथेच टाकून निघाले.

मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही, ते जास्त लागलं. परिषदेतला सिद्धान्त मी पत्र लिहून मागे घेतला. दोन उन्हाळे वाया गेले. कर्जतच्या कॉलेजात कायम जागा निघाली, ती पदवी हातात असलेल्या दुसऱ्या उमेदवाराला मिळाली, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. मी पुढच्या वर्षी पाण्याचा वार रविवार केला. खालून पाण्याची टाकी आणून देणाऱ्या टेंपोवाल्यालाच मदतीला घेतलं. बाबा माळावर आले नाहीत. मी बोलावलंही नाही.

मेमध्ये आकडा उसळला, पहिल्या वर्षीपेक्षा जास्तच. "बघा!" म्हणून मी मागे वळले, तर टेंपोवाला छत्री भलतीकडे धरून मोबाइल बघत होता. पहिल्या वर्षी तो आकडा मला नुसता आनंद वाटला होता. या वेळी त्यात मेलेलेही मोजले आहेत, हे डोक्यातून जाईना. तेही बाबांनीच करून ठेवलं.

प्रबंध बांधून आला तेव्हा एक प्रत घरी नेली. बाबांनी हात धुतले, चष्मा लावला, ओटीवर उजेडाकडे तोंड करून बसले. आत आलेख होते, तक्ते होते. ते सगळं त्यांनी बाजूला सारलं आणि आभाराचं पान काढलं. एकेका ओळीखाली बोट धरून वाचत गेले, कारखान्यातला कागद तपासायचे तसे. मॅडम. प्रयोगशाळेतले दोघं. आई. टेंपोवाला. बोट पानाच्या तळाशी पोचलं. त्यांनी पान उलटून मागे काही आहे का ते बघितलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून एकदा वाचलं.

"टेंपोवाल्याचं घातलंस त्ये बरं केलंस," म्हणाले. "ऊन लय लागलं त्याला."

प्रत मिटून त्यांनी वर्तमानपत्राचा कागद घेतला आणि तिला कव्हर घालायला बसले. मी समोरच उभी होते. पहिल्या वर्षी लिहून ठेवलेल्या आभाराच्या खर्ड्यात पहिली ओळ त्यांचीच होती, आणि ती मी माझ्या हाताने खोडली होती. तेवढं तरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.