वैद्य कुणालाच नको

भोरच्या बाजारपेठेत रघुवीरकाकांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि रविवारी दुपारी शटर ओढलं की त्याच्या मागच्या खोलीत राक्षस मारले जातात. काकांचा मुलगा वरद पुण्याला शिकायला गेला, तिथून पदवी आणली आणि तिच्यासोबत हा खेळ. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि तलवार लागली की चुकली ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. पुस्तक इंग्रजी, पण खेळणारे इथले; त्यामुळं पात्रांची नावं लगेच बदलली. शिलेदार, चोर, मांत्रिक आणि वैद्य, प्रत्येकाचा एक कागद.

आता तुम्हीच सांगा, या मुलखातल्या माणसांपुढं हे चार कागद टाकले तर हात कुठं जाणार? शिलेदारावर सगळ्यांची झडप. चोरालाही गिऱ्हाईक बरं, कारण दुसऱ्याची कुलपं उघडायची हौस कुणाला नसते? मांत्रिकाला फार वाचावं लागतं, म्हणून तो वरदच्या बहिणीच्या, मितालीच्या गळ्यात पडला. वैद्याच्या कागदाला मात्र कुणी बोटही लावलं नाही. बाकीचे लढणार, गाजणार, आणि आपण मागं उभं राहून त्यांच्या जखमा बांधायच्या, हे कुणाला हवंय? परदेशातसुद्धा वैद्य व्हायला लोक कांकूच करतात म्हणे. वरदनं तसं सांगितलं.

शिलेदारावरून पहिल्याच दिवशी तंटा झाला, तो सोमनाथनं मिटवला. सोमनाथ गॅरेजवाला, तोंडानं फटकळ. आंबवड्याच्या अमृतकडं बोट दाखवून तो म्हणाला, याच्या गावच्या जत्रेत पालखीचा पहिला खांदा याच्या घराचा, तेव्हा शिलेदारीचा मानही यालाच. वरद सांगत राहिला की पुस्तकात असलं काही नाही, ज्याला जे आवडेल ते त्यानं व्हावं. पण मान म्हटल्यावर पुस्तक कोण बघतो? पुढं अमृतचा शिलेदार मेला, त्याच्या जागी नवा आला, तोही शिलेदारच. सोमनाथनं चोर घेतला होता, तो चोरच राहिला. आणि उरलेला कागद उरलेल्या माणसाला कायमचा चिकटला.

ते उरलेलं माणूस म्हणजे नूतन. भाटघरची, दुकानात काउंटरवर बसणारी. घरी तिची आई सगुणाबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. भाऊ पुण्यात, तो फोनवरून काळजी करायचा, आणि काळजी करण्यात त्यानं कधी कसूर केली नाही. आईची कूस बदलायची, अंग पुसायचं, पेज भरवायची, मग दुकान, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. रविवारची दुपार तेवढी नूतनची. शेजारच्या ठकुबाई तेवढा वेळ आईजवळ बसायच्या. त्या एका मोकळ्या दुपारीही हिच्या हातात काय यावं, तर वैद्याचा कागद. तिनं कुरकुर केली नाही. इथं निदान माणसं बरी तरी होत होती. फासा टाकून हात ठेवला की पडलेला गडी उठून उभा राहायचा.

गणपती बुडाल्यानंतरच्या रविवारची गोष्ट. खेळताना कुणी मोबाईलमध्ये डोकं घालू नये म्हणून वरदनं नियम केला होता, त्याप्रमाणं सगळे मोबाईल बाहेर काउंटरवर होते. आत अमृतचा शिलेदार शेवटच्या घटका मोजत होता आणि नूतन त्याच्यासाठी जीव तोडून फासे टाकत होती. तो वाचला, सगळ्यांनी तिला टाळ्या दिल्या. बाहेर येऊन तिनं मोबाईल उचलला, तर ठकुबाईंचे फोनवर फोन येऊन गेलेले. ती घरी पोचली तेव्हा आईचे डोळे कुणीतरी मिटवून ठेवले होते. जाताना आईनं तिला हाक मारली होती म्हणे, जमेल तशी, तोंडातल्या तोंडात. ठकुबाईंनी ते सांगायला नको होतं, पण त्यांनी सांगितलं.

दिवस झाले. तू किती केलंस आईचं, असं जो तो म्हणायचा, आणि ते ऐकलं की नूतनला वाटायचं, आत्ताच्या आत्ता कान बंद व्हावेत. रात्रंदिवस केलं ते कुठल्या कुठं गेलं. राहिली ती एक दुपार. घर खायला उठायचं. जायला दुसरीकडं जागा नव्हती, म्हणून दिवाळीनंतर ती पुन्हा त्या खोलीत येऊन बसली. समोर वैद्याचा कागद तसाच ठेवलेला होता.

मला या वेळी शिलेदार द्या, असं ती म्हणाली. सोमनाथ हसला. मान असा मागून मिळतो का, असं त्यानं विचारलं, आणि वैद्य तर तुझ्यासारखा कुणाला जमत नाही, अशी वर पुस्तीही जोडली. कौतुकच होतं ते, त्याच्या मतानं. नूतननं वैद्याचा कागद पुढं ओढला. खेळ सुरू झाला, आणि घडायचं तेच घडलं. राक्षसाचा घाव बसून अमृतचा शिलेदार आडवा झाला आणि चौघांच्या नजरा तिच्याकडं वळल्या.

"नूतन, हात ठेव," वरद म्हणाला. "औषध आहे तुझ्याकडं."

"न्हाई ठेवनार."

सगळ्यांना वाटलं, रुसली. सोमनाथ काहीतरी बोलायला गेला, पण तिचं तोंड बघून थांबला.

"त्या दिवशी म्या हितं बसून ह्याच्या जखमा बांधत हुते," ती म्हणाली. "कागदाच्या. आन् आई तिकडं मला हाका मारत हुती. आता माज्याच्यानं कुनाला बरं करनं व्हनार न्हाई."

वरदचं लक्ष बाहेर काउंटरवर ठेवलेल्या मोबाईलांकडं गेलं, आणि त्यानं मान खाली घातली. अमृतनं आपला कागद उलटा करून ठेवला. त्याचा शिलेदार मेला, आणि त्या दिवशी खेळ तिथंच मोडला.

पुढच्या रविवारी नूतन यायची नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. तिनंही तेच ठरवलं होतं. पण दुपार झाली, घरात रिकामी खाट दिसायला लागली, आणि ती निघाली. येऊन बघते तर तिच्या जागेवर शिलेदाराचा कागद, आणि वैद्याचा कागद अमृतपुढं.

"माजा शिलेदार मेलाय," अमृत म्हणाला. "घरात सुतक असलं का आमचा खांदा त्या साली दुसऱ्या घरी जातो. मला सुतक हाय. मान तुझ्याकडं."

सोमनाथनं स्वतः फासा तिच्यापुढं सरकवला. कागदावरच्या माणसाचं सुतक धरणारा अमृत हा भोर तालुक्यातला पहिलाच असावा. पण कुणी हसलं नाही.

नूतननं तलवार घेतली आणि सरळ राक्षसांच्या घोळक्यात घुसली. ढाल घे म्हटलं तर घेतली नाही. मितालीनं मागं फिरायला सांगितलं, तर ही आणखी पुढं. ती जिंकायला निघालेली नव्हतीच, हे पहिल्या फाशालाच कळत होतं. मारून घ्यायला निघाली होती. घाव बसत गेले, वरदचा आवाज बारीक होत गेला, आणि शेवटी त्यानं सांगितलं की शिलेदार पडला. नूतननं डोळे मिटले. तिला वाटलं, सुटले एकदाची.

अमृतची पाळी होती. फासा टाकायचा आणि हात ठेवला म्हणायचं, एवढंच काम. पण बिचाऱ्याला वैद्यकी कुठं ठाऊक? तो फासा हातात घेऊन तसाच बसला. मग खुर्ची जवळ ओढून त्यानं हळूच विचारलं, "नूतन, कुठं लागलंय तुला?"

असं काही विचारायची खेळात पद्धत नव्हती. आई गेल्यापासून तिला हे कुणी विचारलं नव्हतं. आई होती तेव्हाही नाही. ती सांगायला गेली, पण आधी हुंदकाच फुटला. आईला जाळून आली तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती.

"सगळीकडं," ती म्हणाली. "सगळीकडं लागलंय, दादा."

अमृतनं फासा खाली ठेवला. "बस मग," तो म्हणाला. "मी हाय हितं."