जळगावच्या बंगल्यातली शेणाची जमीन

सन २०२३. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्याशी बोलून आजवर कोणी जिंकून गेलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तुमचा भलताच समज व्हायचा.

आम्ही नवरा-बायको असोद्याला राहतो. केळीचं शेत आहे, दारात एक गाय आहे. मुलगा जळगावात नोकरीला. त्यानं त्या वर्षी शहराबाहेरच्या नव्या वस्तीत बंगला बांधला. वास्तुशांतीला चार दिवस राहिले तेव्हा आम्हाला बघायला नेलं.

आत पाय ठेवला तर मला वाटलं, गवंड्यांनी सामान अजून उचललंच नाही. खिडक्यांना बारदान लावलेलं.

"आबा, ते पडदे आहेत," सूनबाई म्हणाली. "तागाचे. एकदम नॅचरल."

आमच्याकडे त्यात गाईच्या खाण्याची ढेप येते. पुढे छताला कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं उलटं टांगलेलं, आत दिवा. खाली केळीच्या धाग्याची चटई. केळी निघाली की खोडं आम्ही बांधावर फेकतो, आणि त्यावरून कोणी घसरलं की शिव्या खातो. इथे त्याच खोडाच्या चटईवर चप्पल आणू नका म्हणून मला बजावलं. तिला नमस्कार करायचा तेवढा मी बाकी ठेवला.

"हे सगळं पर्यावरणासाठी आहे आबा," मुलगा म्हणाला. अंगणात दोन मोटारी उभ्या होत्या. त्या बहुतेक पर्यावरणाला भेटायला जाण्यासाठी असाव्यात.

मग बैठकीची खोली दाखवली. चार भिंती, आणि खाली नुसती ठोकून बसवलेली माती. घर सजवायला पुण्याहून एक बाई आणल्या होत्या. पोरगी तशी गोड होती, पण मला आजोबा म्हणत होती, ते मला खपलं नाही. त्या म्हणाल्या, "आजोबा, इथे आपण शेणाची जमीन करतोय. पायाखाली माती हवी ना माणसाच्या!"

"मग करा की."

"आमचे कारागीर दुसऱ्या साइटवर गेले. शेण मात्र आलंय."

शेण आलं होतं. कुरिअरनं. पाकिटात, वाळवून, चाळून, वर हिरवं पान छापलेलं. माझ्या बायकोनं ते पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, हुंगलं, आणि परत ठेवलं.

"आजी करतील ना?" त्या बाई म्हणाल्या. "त्यांच्या हाताचं किती छान दिसेल!"

हिनं लगेच पदर खोचला.

"खबरदार!" मी ओरडलो.

माझं ओरडणं तुम्हाला कळायला हवं. आमचं घर आधी मातीचं होतं. ही दर आठ दिवसांनी चुलीपासून ओट्यापर्यंत सारवायची, गुडघ्यांवर सरकत. त्यात गुडघे गेले. एका साली केळी बरी पिकली तेव्हा मी सगळ्या घराला टाइल्स बसवल्या. गल्लीतल्या पहिल्या. आणि चार माणसांत हिला सांगितलं, 'आता तुझे गुडघे शेणात टेकणार नाहीत. हा माझा शब्द.' आता तर डॉक्टरनंही खाली बसायला मनाई केलेली. तो शब्द मी एका बंगल्याच्या हौसेपायी मोडू?

"मग आबा, चार दिवसांत करणार कोण?" मुलगा म्हणाला.

"मी."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमान चालवायला निघालोय. "तुमी? तुमाले चहाची कपबशी इसळता येत नाई!"

"चाळीस वर्षं पाह्यलंय मी."

"त्याच्यावरून चालत पाह्यलं."

पाकिटाला मी हात लावला नाही. घरात गाय असून शेण पोस्टानं घेणारा मी नाही. मुलाच्या गाडीतून असोद्याला गेलो, ताजं शेण दोन बादल्या भरून डिक्कीत ठेवलं. परतताना मुलगा सगळ्या काचा खाली करून गाडी चालवत होता. मी म्हटलं, "नॅचरल आहे."

दुपारी धोतर वर खोचलं, शेण-माती कालवली, आणि दारापासून सुरुवात केली. त्याला कारण होतं. मी शेतातून घरी यायचो तेव्हा ही नेहमी दारापाशीच सारवत असायची. तेव्हा सारवण दारापासून सुरू होतं, अशी माझी पक्की समजूत. उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून ही तोंडाला पदर लावून पाहत होती. मला वाटलं, कौतुकानं.

हात चांगला चालला. अर्धी खोली झाली, पाऊण झाली. मग माझी पाठ भिंतीला लागली. मागे भिंत, डाव्या हाताला भिंत, आणि पुढे दारापर्यंत सगळं ओलं.

"झालं?" हिनं विचारलं.

"होतंय."

"आता बसा तिठीच. वाळलं की या." मग तिला हसू आवरेना. "अवो, सारवण आतून सुरू करतात, दाराशी संपवतात! तुमी घरी यायचे तवा मायं काम संपू राह्यलेलं असायचं. त्याच्या आधी कधी आले असते तर दिसलं असतं!"

सजावटवाल्या बाईंनी मोबाइल काढला. मुलगा म्हणाला, "आबा, या तसेच, पाय उमटले तर उमटू द्या." पण आपण केलेल्या कामावर आपणच पाय देणाऱ्यातला मी नाही. मी बसून राहिलो. सूनबाईनं मला काठीच्या टोकाला पिशवी अडकवून चहाची बाटली पोचवली. दिवेलागणीला बाहेर आलो तेव्हा गुडघे सरळ होत नव्हते, आणि जमिनीला उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडायला लागल्या होत्या.

"शेन जाड झालं," ही म्हणाली. "सकाळी मी करते."

"नाही. मी शब्द दिलाय."

"शब्द तुमचा, गुडघे माह्ये! देताना मले इचारलं व्हतं का?" आता ती हसत नव्हती. "लग्न असलं का गल्लीतल्या बाया मले बलवायच्या सारवाले. मायी बोटं जमिनीवर ओळखू यायची. टाइल्सा आल्या, अन् बठ्ठं बंद झालं. आज इतल्या वर्षांनी त्या पोरीनं इचारलं, तं तुमी मंधात आडवे."

याला उत्तर होतं माझ्याकडे, पण त्या वेळी सुचलं नाही. गुडघे फार दुखत होते. एका दुपारीत एवढे, तर दर आठ दिवसांनी किती, हा हिशेब करायला चौथीसुद्धा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यांचं दुकान उघडायच्या आधीच मी त्याच्या शटरसमोर जाऊन उभा राहिलो. न्हाणीत बसायचा असतो तसला बुटका स्टूल घेतला. प्लास्टिकचा, लालभडक.

"आबा, प्लास्टिक?" सूनबाई दारातच किंचाळली. "या घरात?"

मी स्टूल आतल्या भिंतीपाशी ठेवला, हिला धरून त्यावर बसवलं, बादली जवळ सरकवली. ती दोन हात जमीन सारवायची, मग माझ्या खांद्याला धरून उठायची, आणि मी स्टूल दाराकडे मागे ओढायचो. असं उंबऱ्यापर्यंत आलो. तिचे गुडघे टेकले नाहीत, तेव्हा माझा शब्द मोडला असं कोणी म्हणू नये. फोटो काढताना त्या बाईंनी स्टूल बाजूला घ्यायला सांगितला. मी घेतला नाही.